दोरी ओढणाऱ्याला आधी थँक्यू

चाकणच्या ज्या कंपनीत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली, तिथे आम्ही मोटरसायकलचे मीटर बनवायचो. गाडी चालवताना ज्याच्याकडे तुम्ही ढुंकून बघत नाही आणि पोलिसाने अडवलं की ज्याची साक्ष काढता, तेच ते. एक लांबलचक सरकता पट्टा, त्याच्या कडेने ओळीत उभ्या आम्ही बाया आणि थोडे पुरुष, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच काम. एकीने काटा बसवायचा, दुसरीने काच लावायची, तिसरीने स्क्रू आवळायचे. घरी लग्नकार्यात एक लाटते, एक भाजते, एक तूप लावते, तसंच. फक्त इथे तवा कधी खाली उतरत नाही.

आमच्या डोक्यावरून, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल दोरी बांधलेली होती. कुणालाही काही चुकीचं दिसलं की ती ओढायची. ओढली की पट्टा थांबायचा, वर दिवा लागायचा आणि दारावरच्या बेलसारखी एक धून वाजायची. मग सगळ्यांनी कामावरचे हात काढून वर धरायचे आणि काय झालंय ते बघायचं. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटीच होती: शंका आली तर दोरी ओढा. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी ती पाटी दाखवायचे.

दोरी मात्र कुणी ओढायचं नाही. खंडेनवमीला मशीनबरोबर तिलाही झेंडू बांधायचो, तेवढाच काय तो तिचा मान. एरवी तिच्यावर धूळ बसलेली असायची. पट्टा थांबला म्हणजे माल कमी निघणार, माल कमी निघाला म्हणजे साहेब येणार. तेव्हा कोण कशाला मांजराच्या गळ्यात घंटा बांधतंय!

माझ्या शेजारच्या जागेवर रंजना होती. मंचरकडची, हसरी, हाताला अतिशय जलद. एका दुपारी तिने दोरी ओढली. धून वाजली, पट्टा थांबला आणि आम्ही सगळे तिच्याकडे असे बघायला लागलो की जणू तिने भर मांडवात नवरदेवाला शिवी दिली. प्रॉडक्शनचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, कधी कुणाला वेडंवाकडं बोललेला नव्हता.

"काय दिसलं?"

"सर, काटा थरथरल्यासारखा वाटला."

"वाटला, का थरथरला? नक्की का?"

रंजनाने तो मीटर पुढे केला. साहेबांनी मीटर तपासायला लावला. काटा चांगला होता. "बरं, चला," एवढंच म्हणून ते गेले. रागावले असते तरी बरं झालं असतं. रागाला निदान घरी जाऊन शिव्या देता येतात. त्या "बरं"चं काय करायचं ते तिला कळेना. चहाच्या सुट्टीत कुणीतरी बोललंच, "काय गं, आमच्या शिफ्टचा माल कमी केलास." थट्टाच होती ती, पण रंजना हसली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एक अख्खा लॉट परत आला. काचा आतून धुरकट झालेल्या. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये रंजना खिडकीशी बसली होती. बाहेर बघतच म्हणाली, "दिसलं होतं मला."

"मग ओढली का नाहीस?"

"कशाला गं? हात दाखवून अवलक्षण."

पुढे तिने कंपनी सोडली आणि आमचा संबंध तुटला. "दिसलं होतं" हे तिचे शब्द मात्र माझ्याकडेच राहिले. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. लॉटचं नाही, तिचं.

यथावकाश मी त्याच लाइनची सुपरवायझर झाले. माझे वडील पिंपरीला फाउंड्रीत कामगार होते. जयंतीची वर्गणी गोळा करण्यापलीकडे त्यांनी कधी पुढारपण केलं नाही, पण मुलीने आयटीआय करायचं हे मात्र सगळ्या चाळीला ठणकावून सांगितलं होतं. त्यांची मुलगी म्हणून मीही थोडी ठणकावूनच बोलते. पहिल्याच दिवशी लाइनवर नियम सांगितला. जो दोरी ओढेल त्याला आधी थँक्यू म्हणायचं, मग काय झालं ते विचारायचं. आणि "नक्की का?" हा प्रश्न माझ्या लाइनवर बंद. नक्की असतं तर त्याला शंका कशाला म्हटलं असतं?

या नियमाने माझी परीक्षा पाहिली नाही असं नाही. लाइनवरच्या मोहितेभाऊंनी एकदा त्या दोरीवर ओला रुमाल वाळत घातला. लाइन थांबली. धून वाजतेय, सगळ्यांचे हात वर, आणि मोहितेभाऊ स्वतःच इकडेतिकडे बघत विचारतायत, "कुणी ओढली, राव?" सुनील नावाच्या नव्या पोराने तर लघवीला जायची परवानगी मागायला दोरी ओढली. मी दात आवळून म्हटलं, "थँक्यू. काय झालं?" त्याने कारण सांगितलं. पुढे तो फार चांगला कामगार झाला, पण माझ्या निरोप समारंभापर्यंत लोक त्याला ते विसरू देत नव्हते.

हळूहळू लोक दोरी ओढायला लागले. आमच्या लाइनचा माल परत येणं कमी झालं. ही फुशारकी नाही. असली तरी असू दे, निवृत्त बाईला एवढी माफ असावी.

निवृत्तीनंतर मी मोशीला राहते. जिथे पूर्वी कांदा आणि ज्वारी व्हायची तिथे आता आमची सोसायटी उभी आहे. खालच्या मजल्यावर गौरी राहते, जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते, मुलं तिला गौरी टीचर म्हणतात. शाळेने रोबोटच्या स्पर्धेत टीम उतरवायला सुरुवात केली होती आणि ती जबाबदारी गौरीच्या गळ्यात पडली होती. एक दिवस जिन्यातच तिने मला गाठलं.

"मावशी, मुलं हुशार आहेत हो. पण रोबोट ऐन वेळी बंद पडतो. तुम्ही नुसतं येऊन बसा."

नुसतं बसणं मला जमत असतं तर मी सोसायटीच्या हळदीकुंकवाला गेले नसते का? पण दुसऱ्या दिवशी गेले शाळेत.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रोबोट म्हटलं की सिनेमातला माणसासारखा डोळे मिचकावणारा प्रकार डोळ्यांसमोर येतो. तसं काही नाही. मध्यम आकाराच्या प्रवासी बॅगेएवढी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, चाकं लावलेली गाडी. तिला एक लांब हात. कॅरमबोर्डसारखं चारी बाजूंनी बंद असलेलं मोठं मैदान, त्यात पसरलेले चेंडू. गाडीने चेंडू उचलून टोपल्यांत टाकायचे. सुरुवातीला थोडा वेळ ती मुलांनी आधी भरून ठेवलेल्या सूचनांवर आपली आपण धावते, मग मुलं रिमोटने चालवतात. दोन शाळा एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. म्हणजे तुमचं नशीब जोडीदाराच्या हातात आणि त्याचं तुमच्या. लग्नासारखंच, पण लवकर आटोपतं.

आमच्या रोबोटचं नाव मुलांनी बंड्या ठेवलं होतं. टीममध्ये बरीच पोरं होती, पण माझी ही गोष्ट दोघांची आहे. एक ओंकार, दहावीतला, टीमचा कॅप्टन. उंच, बडबड्या, हाताने काम करताना जीभ बाहेर काढणारा. आधीच्या वर्षांत त्यांची टीम इथल्या विभागीय फेरीतच बाद होत आली होती. या वर्षी अंतिम सामन्यात पोचायचं आणि देशपातळीच्या फेरीसाठी बेंगळुरूला जायचं, हे त्याने इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की शाळेच्या शिपायालाही ते पाठ झालं होतं. दहावी झाली की शाळा सुटणार, म्हणजे ही त्याची शेवटची संधी.

दुसरी प्रणाली, आठवीतली. महाळुंग्याच्या जुन्या घरातली. आता घराच्या तिन्ही बाजूंना कंपन्या, चौथ्या बाजूला वडिलांचा टेम्पो. तिच्याकडे बॅटऱ्या चार्ज करून बदलायचं काम होतं, आणि ते ती तोंडातून चकार शब्द न काढता करायची. तिची आई स्कूटीवरून न्यायला यायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, ही घरी लय बोलती. हितं काय तोंड उघडती का न्हाई?"

"नाही हो."

"मंग तोंड घरीच ठिवून येती वाटतं!" असं म्हणून ती मोठ्याने हसली. प्रणालीने दप्तरात डोकं घातलं.

एका सरावात बंड्या मैदानाच्या मधोमध गपकन थांबला. ओंकार वैतागला. पाहिलं तर बॅटरीचा प्लग अर्धवटच बसलेला. तो ज्याने घाईत बसवला होता त्याला सगळे बोलत असताना प्रणाली माझ्या शेजारी उभी होती. जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "दिसलं होतं मला."

 इतक्या वर्षांनी तेच शब्द, तसंच दुसरीकडे बघत.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"ओंकारदादा विचारतात ना, नक्की का म्हणून. मग मला नाही सांगता येत."

त्या रात्री मी कपाटातून परकराचा लाल नाडा काढला. हसू नका, लाल दोरी चाकणवरून आणायला जाणार होते का मी? दुसऱ्या दिवशी तो शाळेतल्या कामाच्या टेबलावरून आडवा बांधला आणि त्याच्या टोकाला सायकलची जुनी घंटा अडकवली. नियम सांगितले. कुणीही ओढावा. घंटा वाजली की सगळ्यांनी हात वर करायचे. आधी थँक्यू, मग काय झालं. आणि "नक्की का?" विचारणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

मुलांना आधी तो खेळच वाटला. पहिला आठवडा नुसता घंटानाद. मग खरी कामं निघायला लागली. कुणाला वायर चाकात जाताना दिसली, कुणाला पट्टी वाकलेली. ओंकारने सवयीने "नक्की का?" विचारून सगळ्यांना वडापाव चारला, तोही दोनदा. फक्त प्रणाली नाड्याकडे बघायची आणि बॅटरीकडे वळायची. मी तिला काही म्हटलं नाही. दोरी ओढ असं सांगून कुणी ओढत नाही, हे मला कंपनीने शिकवलं होतं.

मग एका दुपारी घंटा अगदी बारीक वाजली. टिंग. इतकी बारीक की कुणीतरी चुकून कोपर लावलं असं वाटावं. हात वर करून सगळे शोधायला लागले तर नाड्याचं टोक प्रणालीच्या हातात. चेहरा लालबुंद.

ओंकार म्हणाला, "थँक्यू. काय झालं?"

"खाली वॉशर पडलंय."

एवढंसं वॉशर. ते कुठून पडलं हे शोधता शोधता कळलं की बंड्याच्या हाताचा मुख्य नटच ढिला होता. त्या दिवसापासून या बाईसाहेबांना कंठ फुटला. मग तर इतकी घंटा वाजवायची की एकदा गौरी मला कानात म्हणाली, "मावशी, नाडा थोडा उंच बांधूया का?" मी म्हटलं, "बांधलास तर बघ." मनातून मी फार सुखावले होते. एक रंजना तरी वाचली, असं मला वाटत होतं.

विभागीय फेरी आमच्याच भागातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये होती. हॉलभर टेबलं, वायरींचे गुंते, कुठे ड्रिलची घरघर, कुठे पोरांचे नाच. कंपनीच्या शॉप फ्लोअरवर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. बंड्या असा काही खेळला म्हणता! सकाळपासून एकदाही बंद पडला नाही. बॅटरी बदलायला प्रणाली अशी हजर व्हायची की मागच्या सामन्याच्या टाळ्या संपायच्या आत काम झालेलं. दुपारी आम्ही उपांत्य सामन्यात पोचलो. हा जिंकला की अंतिम सामना, आणि अंतिम सामन्यातल्या सगळ्यांना बेंगळुरू. ओंकारचे बाबा एका आयटी कंपनीत आहेत. ते सुट्टी काढून आले होते, मोबाइल उंच धरून व्हिडिओ करत होते.

मैदानाशी तिघांनाच उभं राहता येतं. ओंकार आणि आणखी एकजण रिमोटवर, मदतीला प्रणाली. बंड्याला जागेवर ठेवलं. पंचांनी आमच्याकडे बघितलं, तयार आहात का अशी खूण केली. ओंकारने अंगठा वर करायला हात उचलला, आणि तेवढ्यात प्रणाली ओरडली, "थांबा!"

तिथे नाडा नव्हता, घंटा नव्हती. पण ओंकारचे दोन्ही हात वर गेले. रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर लटकला. दुसऱ्या मुलाचेही हात वर. मी जाळीच्या बाहेर, गौरी माझ्या शेजारी, आणि काय सांगू, आम्हा दोघींचेही हात वर. ओंकारने विचारलं,

"काय झालं?"

"जळका वास येतोय. वायरचा."

पंच म्हणाले, "बेटा, खेळायचं की काढायचं, पटकन सांग. बाकीचे थांबलेत."

मला ओंकारचा चेहरा दिसत होता. ते दोन शब्द त्याच्या ओठांवर आलेले मी पाहिले. सगळ्या जगाने त्याला ते माफ केले असते, मीसुद्धा. त्याने प्रणालीकडे बघितलं, बंड्याकडे बघितलं, मग वाकून बंड्याचा मुख्य स्विच बंद केला आणि त्याला उचलून बाहेर आणला. त्याच्या मागे सामना सुरू झाला. आमच्या जोडीदार शाळेचा रोबोट बिचारा दोघांशी एकटा लढला आणि हरला.

बंड्याला काहीही झालं नव्हतं. बॅटरी गार, वायरी गार, मोटरी गार. पोरांनी नाक लावून लावून वास घेतला.

वास कशाचा होता ते सामान आवरताना कळलं. आमच्या मागे पुढच्या सामन्याची टीम उभी होती. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी आईने रोबोटला उदबत्ती ओवाळली होती आणि हॉलमध्ये नको म्हणून विझवून अवजारांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये खोचली होती. ती पुरती विझली नव्हती. क्रेटला रुपयाएवढं भोक पडलं होतं. ती माउली कानाला हात लावून माफी मागत होती. तिला तरी काय बोलणार? आम्हीही निघताना बंड्यापुढे नारळ वाढवूनच आलो होतो.

म्हणजे प्रणालीचं नाक बरोबर होतं. वासाची जागा तेवढी चुकली होती.

ओंकारचे बाबा माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण डोळे भरलेले होते. "मॅडम, पोरगा वर्षभर यासाठी राबलाय. दहावीचं वर्ष असून आम्ही त्याला अडवलं नाही. नुसत्या वासावर सोडून द्यायचं? निदान एकदा विचारायचं तरी, नक्की का म्हणून!"

 खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, म्हातारे, काय शिकवून बसलीस तू या पोरांना! कंपनीत थांबलेला पट्टा परत सुरू होतो. इथे होत नाही. ओंकार पार्किंगमध्ये एका झाडाखाली पाठ करून उभा होता. आणि प्रणाली बॅटऱ्यांची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची आई आली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

गौरीची एक पद्धत आहे. हंगाम संपला की टीमला गोल बसवते आणि प्रत्येकाला एकच विचारते, या वर्षी चांगलं काय झालं? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आमच्याकडे मीटिंग म्हणजे काय चुकलं, कुणाचं चुकलं, का चुकलं. चांगलं झालं म्हणून कुणी कधी मीटिंग घेतल्याचं मला आठवत नाही. चांगल्याचा पगार मिळतोच की, असं आमचे साहेब म्हणायचे.

त्या शनिवारी सगळे शाळेत जमले. प्रणाली आली, पण बसली नाही. हातात पिशवी होती. तिने ती गौरीच्या टेबलावर ठेवली. आत टीमचा टी-शर्ट होता, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला.

"हे काय?" गौरीने विचारलं.

"पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला लागेल ना."

 समोर तीच बसची खिडकी, तीच बाहेर बघणारी रंजना. मी काहीतरी बोलणार होते, पण गौरीने डोळ्यांनीच मला गप्प केलं. "बस, प्रणाली. आज सगळ्यांनी बसायचं," ती म्हणाली. प्रणाली दाराजवळच्या बाकाच्या टोकाला टेकली.

मुलं बोलायला लागली. एकजण म्हणाला, बंड्याचा हात एकदाही तुटला नाही. एकजण म्हणाली, दुसऱ्या शाळेच्या मुलांना आपण आपली मोटर उसनी दिली. एकाने कॉलेजच्या कँटीनच्या मिसळीचं नाव घेतलं आणि सगळे हसले. मग ओंकारची पाळी आली. तो बुटाच्या लेसशी खेळत बोलायला लागला.

"सेमीफायनलला प्रणालीने थांबवलं," तो म्हणाला. "आणि आम्ही थांबलो. ते चांगलं झालं."

त्याने लेस सोडून दिली.

"मला राग आला होता. अजून आहे. बेंगळुरूला जायचं होतं मला." तो प्रणालीकडे न बघताच पुढे म्हणाला, "पण खरंच वायर जळत असती तर? आणि ती बोललीच नसती तर? बाबांना पण मी हेच सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं, पण मला थोडा वेळ दे." मग तो प्रणालीकडे वळला. "आणि त्या दिवशी मी आधी थँक्यू म्हणायला पाहिजे होतं. गडबडीत राहिलं. थँक्यू."

प्रणाली रडायला लागली. मग ओंकार. मग गौरी. मी चष्मा पुसत होते, ते वेगळं. शेवटी माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, की माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतकी चांगली थांबलेली लाइन पाहिली नाही. निघताना मी पाहिलं, टेबलावर पिशवी तशीच होती. प्रणालीने ती नेली नाही, आणि गौरीने ती कपाटातही ठेवली नाही.

परीक्षा झाल्या, सुट्टी झाली. जूनमध्ये शाळा उघडली आणि नव्या हंगामाचं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा पिशवी टेबलावर नव्हती. सातवी-आठवीची नवी पोरं आली होती, त्यांना मी बंड्याचं पोट उघडून दाखवत होते. दारात ओंकार उभा होता. आता तो अकरावीला कॉलेजात जाणार; पण जुनं घर सोडवत नाही तसा आला होता, हातात वडापावचा पुडा घेऊन.

तेवढ्यात टेबलावरची घंटा वाजली. बारीक टिंग नव्हे, चांगली खणखणीत.

माझे हात वर गेले. जुन्या पोरांचे हात वर गेले. नव्यांनी आमच्याकडे बघून घाबरून आपले वर केले. दारात ओंकारचेही हात वर, एका हातात पुडा. नाड्याच्या टोकाला टीमचा टी-शर्ट घातलेली प्रणाली उभी होती.

"थँक्यू," मी म्हटलं. "काय झालं?"

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "सुट्टीनंतर वाजते का, ते बघत होते."

"वाजते," मी म्हटलं.